अंगणाचा एक कोपरा तरी झाडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की तुमच्या पेपरात पक्ष्यांसाठी पाणी ठेवा असं आवाहन येतं, सोबत मातीच्या परळावर बसलेल्या चिमणीचा फोटो असतो, आणि दरवर्षी तो फोटो बघून मला वाटतं की याच्या पुढचंही कुणीतरी सांगायला हवं. पाणी ठेवणं चांगलंच, त्याबद्दल वादच नाही. पण ओळखीतले कितीतरी जण मला सांगतात की आम्ही पाणी ठेवलं, दाण्याचं फीडर आणून टांगलं, लाकडी घरटंही लावलं, तरी कबुतरांशिवाय कुणी फिरकत नाही. मग दोन महिन्यांनी ते सगळं माळ्यावर जातं. माझंही पहिली दोन वर्षं अगदी हेच झालं होतं म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबेल, जागा कमी असेल तर कापा, पण लिंबाच्या झाडाचा भाग तेवढा ठेवा.

आमचं मागचं अंगण काही फार मोठं नाही. एक लिंबू, एक कढीपत्ता, जास्वंदीची दोन झुडपं, कुंपणाला लागून मेंदी आणि बाकी सगळी फरशी. मी रोज सकाळी ते झाडून लख्ख करायचे, एक पान पडलेलं खपायचं नाही. मेंदीखालचा पाचोळा ओढून काढायचा, लिंबावर अळी दिसली की औषध फवारायचं, कोळ्याचं जाळं दिसलं की खराट्यानं खेचायचं, आणि एवढं सगळं करून झालं की मूठभर दाणे टाकून खुर्ची घेऊन पक्ष्यांची वाट बघत बसायचं. कबुतरं यायची, दाणे संपवायची, घाण करून जायची.

मग एका वर्षी माझा उजवा खांदा धरला. तीन-चार महिने खराटा हातात घेता येईना, फवारणी राहून गेली, आणि मेंदीखाली वीतभर पाचोळा साठला. मला त्याची रोज लाज वाटायची. पण एका सकाळी त्या पाचोळ्यात खसखस ऐकू आली म्हणून खिडकीतून बघितलं तर सातभाईंचा अख्खा थवा उतरलेला, एकेक पान चोचीनं उलटून बाजूला फेकतायत, खालचं काहीतरी टिपतायत, आणि सगळ्यांची एकाच वेळी बडबड चाललेली. सासूबाई आतून म्हणाल्या, कोण भांडतंय गं मागे? इतक्या वर्षांत त्या अंगणात मी सातभाई पहिल्यांदा बघत होते, आणि दाणा तर मी एकही टाकला नव्हता.

त्यानंतर लिंबाकडे नीट लक्ष गेलं. लिंबावर एका फुलपाखराची अळी असते, लहान असताना ती काळपट-पांढरी आणि ओलसर दिसते, हुबेहूब पक्ष्याची शीट, त्यामुळे पटकन कुणाच्या नजरेत येत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते आणि तिला डिवचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते, त्यांना उग्र वास येतो. ही अळी पानं खाते हे खरं, आणि याच अळीसाठी मी वर्षानुवर्षं फवारणी केली. त्या वर्षी केली नाही तर काय झालं? काही पानं कुरतडली गेली. आणि शिंपी पक्ष्याची एक जोडी रोज सकाळी त्या झाडावर यायला लागली, शेपटी उभी करून पानामागून पान तपासत वरपर्यंत जायची, गुंडाळलेलं पान दिसलं की चोच आत घालून बारीक अळी ओढून काढायची. एकदा बुलबुलानं एक मोठी अळी उचलली, फांदीवर दोन-तीनदा आपटली आणि चोचीत धरून सरळ जास्वंदीत गेला. तेव्हा कळलं की जास्वंदीत घरटं आहे. झाड काही मेलं नाही, लिंबंही आली.

संपादक महोदय, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की पक्षी अंगणात येतो तो किड्यांसाठी आणि लपायच्या जागेसाठी, आणि आपण नेमकं तेच दोन्ही झाडून टाकतो. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते, कारण त्या पिल्लांना वाढायला तेच लागतं. उत्तर अमेरिकेत चिकडी नावाचा जेमतेम दहा ग्रॅमचा पक्षी आहे, त्याची एक वीण घरट्याबाहेर पडेपर्यंत आई-बाप ६००० ते ९००० अळ्या आणतात असं डग्लस टॅलमी हे डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे दोनेक आठवड्यांत एका जोडप्याला एवढ्या अळ्या आसपासच मिळायला हव्यात! त्यांच्याच गटाचा २०१८ सालचा अभ्यास आहे, घरांच्या बागांमधे केलेला, त्यात असं दिसलं की बागेतल्या झाडोऱ्यात मूळच्या स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांहून जास्त असेल तरच चिकडीची संख्या तिथे टिकते. शोभेची परदेशी झाडं हिरवी दिसतात पण तिथल्या अळ्या ती खात नाहीत, आणि अळी नाही तर पिल्लू नाही. त्यामुळे मला कुणी विचारलं की कोणतं झाड लावू तर मी म्हणते तुमच्या भागात रानात, बांधावर आपोआप उगवणारं काय आहे ते आधी बघा आणि त्यातलंच एखादं लावा.

आणि अळ्या खाणारे पक्षी गेले तर काय होतं हेही जगानं बघितलेलं आहे. चीनमधे १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना संपवायची मोहीम निघाली, लोक थाळ्या-ढोल वाजवून त्यांना खाली बसूच देत नव्हते, दमून चिमण्या आकाशातून पडायच्या. पुढे पिकांवर किडीचं थैमान सुरू झालं आणि १९६० साली संपवायच्या चार उपद्रवी जिवांच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला. तेव्हाच्या भीषण दुष्काळाची कारणं अनेक होती पण त्यात हेही एक धरलं जातं. आपल्या अंगणातला फवारा त्यामानानं छोटा आहे हे मान्य, पण अंगणातल्या पक्ष्याला त्या अंगणापुरता तो तेवढाच मोठा.

कोळ्याच्या जाळ्यांचंही तसंच. मी जी जाळी खराट्यानं खेचायचे ती शिंजीर पक्षी घरटं बांधायला नेतो हे मला माहीतच नव्हतं. शिंजिराची मादी गवत, साली, पाचोळ्याचे तुकडे असं काय काय कोळ्याच्या धाग्यांनी चिकटवून एक लोंबती पिशवी करते, लांबून बघितलं तर फांदीला कचरा अडकलाय असंच वाटतं, म्हणून लोक ते काढूनही टाकतात. शिंपीसुद्धा पानं शिवायला कापसाच्या तंतूंबरोबर हे धागे वापरतो. आता आमच्या पोर्चमधली दोन जाळी तशीच असतात, पाहुणे वर बघतात तेव्हा मी सांगते की ती मुद्दाम ठेवलीयत.

आता पाण्याबद्दल, कारण तुमचं आवाहन त्याचंच असतं. भांडं पसरट आणि खरबरीत हवं, पाणी बोटाचं एखादं पेर बुडेल एवढंच, फार तर दोन पेरं, आणि मधे एखादा दगड. गुळगुळीत खोल बादलीत छोटा पक्षी उतरत नाही आणि उतरला तर बुडतो. झुडपापासून दोन-तीन मीटरवर ठेवा म्हणजे मांजराला दबा धरून झडप घालता येत नाही आणि पक्ष्याला मात्र उडून आत शिरता येतं. मी प्लास्टिकच्या बाटलीला बारीक भोक पाडून ती भांड्याच्या वर टांगली, थेंब थेंब पडतो, आणि त्या आवाजानं जेवढे पक्षी आले तेवढे नुसत्या भांड्यानं कधीच आले नव्हते. नाचण तर त्या थेंबाखाली शेपटीचा पंखा करून आंघोळ करतो.

पण हे पाणी रोज बदलायचं आणि भांडं ब्रशनं घासून उन्हात वाळवायचं, हे कुठल्याच फोटोखाली लिहिलेलं नसतं. दहा दिवस साठलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळं, खरा धोका पक्ष्यांनाच आहे. ब्रिटनमधे २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या बागेतल्या पक्ष्यात ट्रायकोमोनोसिस हा रोग पसरला, त्याचा परजीवी घशात बसतो, पक्ष्याला गिळता येत नाही, तो तोंडातला दाणा टाकतो आणि दुसरा तोच उचलतो. एकाच फीडरवर आणि एकाच पाण्यावर गर्दी झाली की हे झपाट्यानं पसरतं. एकेकाळी बागेबागेत दिसणारा हा पक्षी २०२१ साली तिथल्या धोक्याच्या लाल यादीत गेला. प्रेमानं खाऊ घालणाऱ्या लोकांच्या बागांमधे हे झालं, म्हणून मला ते फार लागलं. पक्षी फुगून, डोळे मिटून, माणूस जवळ गेला तरी न उडता बसलेला दिसला तर दाणा-पाणी दोन आठवडे बंद करून सगळं धुवून ठेवायचं, पक्षी पांगू द्यायचे.

दाणे टाकूच नका असं मी म्हणत नाही. सकाळी अर्ध्या तासात संपेल एवढेच टाका, मीठ लावलेलं, तळलेलं, बुरशी आलेलं काही नको, दूध तर मुळीच नको, पक्ष्यांना ते पचत नाही. पावानं नुसतं पोट भरतं, त्यात फारसं काही नसतं.

लाकडी घरट्यांबद्दलही थोडं. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटरचं पुरतं, त्याहून बरंच मोठं ठेवलं की साळुंकी आत शिरते. भोकाखाली जी दांडी लावलेली असते ती दिसायला छान, पण चिमणीला तिची काही गरज नसते, उपयोग होतो तो कावळ्याला आणि इतर शिकाऱ्यांना, तेव्हा ती काढून टाका. दुपारचं ऊन थेट आत येणार नाही अशी दिशा बघा. चिमण्या शेजारीपाजारी राहणाऱ्या, त्यामुळे एकापेक्षा दोन-तीन घरटी जवळजवळ लावलेली बरी. आणि कुठेतरी हातभर मोकळी कोरडी माती राहू द्या, चिमण्या त्यात लोळून धूळ-आंघोळ करतात, आमच्याकडे जास्वंदीच्या बुंध्याशी त्यांनी वाटीएवढे चार खड्डे केलेत. झाडाची वाळलेली फांदी घरावर पडण्यासारखी नसेल तर तीही तशीच ठेवा, तांबट पक्षी तसल्याच फांदीत भोक कोरून राहतो.

काचेचं मात्र सगळ्यांनी मनावर घ्या. आमच्या मागच्या खोलीला मोठी सरकती काच बसवली त्याच आठवड्यात एक होला तिच्यावर आदळून मेला, काचेवर त्याच्या पंखांचा पांढरट ठसा उमटला होता, पिसं न् पिसं मोजता येतील असा. तो पुसायला माझा हात धजेना. पक्ष्याला काच दिसत नाही, त्यात दिसणारं आभाळ आणि झाडच दिसतं. अमेरिकेतल्या २०१४ सालच्या एका अभ्यासात एकट्या त्या देशात वर्षाला साडेछत्तीस कोटी ते जवळजवळ ९९ कोटी पक्षी असे मरतात असा अंदाज काढलाय. घारीचं एखादं स्टिकर लावून काही होत नाही, काचेच्या बाहेरच्या बाजूनं ठिपके किंवा रेघा हव्यात, आणि त्या पाच-पाच सेंटिमीटरवर, म्हणजे मधून जायला जागा आहे असं पक्ष्याला वाटणार नाही. मी पांढऱ्या मार्करनं ठिपके काढले, एक दुपार गेली, त्यानंतर एकही पक्षी आदळलेला नाही. दयाळ किंवा बुलबुल विणीच्या दिवसात गाडीच्या आरशाशी तासन् तास भांडतो तेही याच कारणानं, त्याला तो आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. आरशावर जुना मोजा चढवा, बिचारा सुटतो.

पाळलेलं मांजर असेल तर निदान पहाटे आणि संध्याकाळी ते घरात ठेवा. याच्यावर लोक चिडतात, पण पिल्लं बाहेर पडायच्या दिवसात एक मांजर अख्खं अंगण रिकामं करतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जास्वंदीतल्या त्या घरट्याचं सांगायचं राहिलं. बुलबुलाचं घरटं म्हणजे एक उथळ वाटी, माझ्या छातीच्या उंचीवर, आत तीन अंडी, गुलाबीसर आणि त्यावर तांबडे ठिपके. मी दिवसातून एकदा, तेही आई-बाप दोघं उडाल्यावर, लांबूनच बघायचे. साधारण चौदाव्या दिवशी दोन पिल्लं दिसली, तिसरं अंडं तसंच राहिलं. दोघंही भरवायचे, पहाटे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, आणि प्रत्येक खेपेला पिल्लाची शी बाहेर न्यायचे, ती पांढऱ्या पिशवीत बांधल्यासारखी गोळा होऊन येते, चोचीत धरून लांब नेऊन टाकतात म्हणजे वासानं आणि घाणीनं घरट्याचा पत्ता कुणाला लागू नये. बारा दिवसांत पिल्लं बाहेर पडली, धड उडताही येत नव्हतं, शेपूट बोटाच्या पेराएवढी. एक मेंदीच्या तळाशी जाऊन बसलं. मुलगी म्हणाली, आई, आपण उचलून आत घेऊया का? मी नको म्हटलं. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर बहुतेक वेळा ते हरवलेलं नसतं, आई-बाप आसपासच असतात आणि तिथेच येऊन भरवतात, आपण फक्त मांजर-कुत्रं हाकलायचं. अंगावर पिसंच नसलेलं पिल्लू पडलं असेल तर अलगद उचलून परत घरट्यात ठेवायचं, माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. त्या दिवशी आम्ही खिडकीत तासभर बसलो, सहा वेळा बुलबुल अळी घेऊन मेंदीत शिरला. दुसऱ्या दिवशी पिल्लू कुंपणावर होतं, आणि तिसऱ्या दिवशी कढीपत्त्यावर.

इथे तुमच्याकडे एक तक्रार आहे, राग मानू नका. वाचकांनी पाठवलेले घरट्यातल्या पिल्लांचे अगदी जवळून काढलेले फोटो छापले जातात. त्यातल्या काहींत स्पष्ट दिसतं की फोटो नीट यावा म्हणून पुढची पानं, फांद्या बाजूला केल्यात, कधी कापल्याही आहेत. ती पानंच त्या घरट्याचं छप्पर आणि पडदा असतात. ती गेली की ऊन लागतं आणि कावळ्याला ते वरून सरळ दिसतं, फोटो काढणारा घरी जातो आणि घरटं संध्याकाळपर्यंत रिकामं होतं. असे फोटो छापू नयेत, निदान बक्षीस तरी देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरट्याऐवजी पाण्यावर, झाडावर, मातीत लोळणाऱ्या पक्ष्यांचे फोटो मागवा, ते काय कमी सुंदर असतात?

आणि दुसरी विनंती, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३ पासून जगभर चालतो. चार दिवसांतल्या कुठल्याही दिवशी कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, जे पक्षी दिसले-ऐकू आले ते मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे, पैसे पडत नाहीत, तज्ज्ञ असावं लागत नाही. ब्रिटनमधे असाच तासाभराचा उपक्रम १९७९ पासून जानेवारीच्या शेवटी होतो आणि तिथल्या बागेतल्या चिमण्या किती घटल्या ते लोकांच्या त्या नोंदींतून दिसलं. माझी मुलगी पहिल्या वर्षी पंधरा मिनिटांत चार जाती मोजू शकली होती, यंदा अकरा झाल्या, त्यातल्या तीन नुसत्या आवाजावरून. चिमणी दिवसाला, २० मार्चला, तुम्ही बातमी देताच, तशी या मोजणीची तारीख आठवडाभर आधी पहिल्या पानावर एका चौकटीत दिलीत तर शाळेतली मुलंही बसतील.

माझा खांदा आता बरा आहे. फरशी मी रोज झाडते, मेंदीखाली मात्र खराटा घालत नाही. लिंबावर या आठवड्यात त्या शिटेसारख्या दिसणाऱ्या सात अळ्या मोजल्यात, काल त्यातल्या पाच उरल्या होत्या.

आपली,
एक नियमित वाचक